उष्टं घड्याळ

डब्यावरचं नाव येगळं आन घड्याळावरचं नाव येगळं. मी परत परत बघितलं. डब्यावर पैलं अक्षर गोल व्हतं, घड्याळावर पैलं अक्षर उभ्या काठीचं. मी आठवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचता येतंय असं म्हणायला तोंड न्हाय, पण अक्षराला अक्षर जुळवून बघता तर येतंय की. आन ते जुळत नव्हतं. पोरगी कडेवर, चुलीवर पुरणाची डाळ उतू चाललेली, आन माझ्या हातात लई महागाचं घड्याळ, दुसऱ्याच कुणाच्या तरी डब्यात आलेलं. डबा पण कसला, गुलाबी. आतली उशी बाईच्या मनगटायेवढी बारकी, तिच्यावर हे गड्याचं दांडगं घड्याळ कसंबसं कोंबलेलं. तशीच उंबऱ्यात बसले. डोक्यात एकच आलं, परत डुप्लिकेट.

परत का म्हणते, ते आदी सांगते.

माझ्या नणंदेचं लग्न झालं तवा जावयाला, म्हंजे आमच्या दाजींना, घड्याळ दिलेलं. आमच्याकडं मुलाला अंगठी, घड्याळ देतेत, तसं. माझा नवरा पुण्यात कंपनीची गाडी चालवतो, त्यांनीच तिकडून आणलेलं, ते पण चांगल्यातलंच. आन ते भर मांडवात बंद पडलं. अक्षता पडल्या, फोटो काढायच्या टायमाला दाजींच्या दोस्तानं त्यांचा हात धरून बघितला आन म्हणला, "आरं, तुझा मुहूर्तच थांबलाय की." सगळी हसली. दाजी पण हसले, पण ते हसणं काय खरं नव्हतं. तवापासनं दाजी आमच्या घरात बसून जेवले न्हाईत. नणंदेला सोडायचं, दारातनं पाणी प्यायचं, निघायचं. दुधनीला त्यांची आडत हाय, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. तितं नणंदेला चहाला जरा उशीर झाला की ऐकवायचं, "तुज्या भावाचं घड्याळ बघून टाकलीस का?" ती मला फोनवर सांगायची आन हसायची. आन मग नाक ओढायची.

ह्या साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिना ओ, जावयाला लेकीसकट बोलवून पुरणाचे धोंडे जेवायला घालतेत, तांब्याच्या ताटात अनारसे, दिवा, वाण ठेवून देतेत. लग्नानंतरचा पैलाच धोंडा. दाजी येतो म्हणाले. सासूबाईंना, मी आत्या म्हणते त्यांना, त्या दिवशी झोप लागली न्हाय. आन नवऱ्यानं ठरवलं, आवंदा असं घड्याळ द्यायचं की बोलायची सोय राहू नये. आकडा मला पण सांगितला न्हाय. ऑनलाइन मागवलं, आदल्या आठवड्यात येणार व्हतं, आलं धोंड्याच्या दिवशीच सकाळी. आत्या पानफुलं आणायला बाजारात गेलेल्या. घरात मी आन माझी दीड वर्साची पोरगी.

म्हणून सांगते, माझ्या मांडीवर नुसता चुकीचा डबा नव्हता. नणंदेचं माहेर त्या डब्यात व्हतं. ह्या येळेला पण नकली निघालं असतं तर दाजींनी तिला परत कवा पाठवली असती सांगा.

नवऱ्याला फोन लावला. उचलला न्हाय, गाडीवर असणार. त्यांनी बजावलेलं, "खोलताना व्हिडिओ काढ, न्हायतर कंपनी आयकत न्हाय." मी काढला व्हता की. उघडून बघितला तर सगळा पत्रा दिसतोय, पोरीचा पाय दिसतोय, मधीच डाळीचं पातेलं, आन माझा आवाज, "अगं बाई, हे काय." घड्याळ एकदा पण न्हाय.

पार्सलमधल्या कागदावर एक नंबर व्हता. त्याच्यावर लावला. लई येळ गाणं वाजलं, मग एक बाई बोलली, हिंदीत, गोड आवाज.

"मॅडम, प्रॉडक्ट गलत है या पॅकेजिंग गलत है?"

"पॅकिंग तो चांगला था दीदी," मी म्हणले. "टेप बराबर लगाया था. कहीं फाटा नहीं था."

तिनं परत विचारलं, "मॅडम, अंदर का डब्बा किस कंपनी का है?"

"वोच तो बोलती मैं. डब्बे का नाम अलग, घडी का नाम अलग. मेरे ननंद का पूरा घर है दीदी इसपे."

"जी?"

"कुछ नहीं. तुम बोलो."

तिनं घड्याळ उलटं करून मागचा नंबर वाचायला सांगितलं. लई बारीक लिहिलेला. पोरगीला खाली बसवली, दारातल्या उजेडात जाऊन वाचायला लागले. आकडे जमले. अक्षरांत माझा घोळ व्हतो, एक हाय ते व्ही का यू मला कायम चुकतं.

"मॅडम, नीचे नोक है या गोल है?"

"गोल. वाटी जैसा."

"तो यू."

मी यू म्हणले. मग तिनं आतल्या कार्डावरचा नंबर वाचून घेतला, तो पण तसाच. तिकडं टकटक आवाज आला, मग म्हणली, "मॅडम, आपकी घडी सही है. असली है. हमारे यहाँ से डब्बा बदल गया. सही डब्बा हम भेज देंगे, ये गुलाबीवाला लौटा दीजिएगा."

"असली है?"

"बिल्कुल असली है."

"तुम्हारे मुँह में साखर," मी म्हणले. ती हसली बहुतेक. फोन ठेवला आन मी रडले. पोरगी माझ्याकडं बघून रडली. डाळ खाली लागली ती लागलीच.

डबा न्हाय तर न्हाय, मी ठरवलं, ताटात अनारशाच्या कडेला नुसतं घड्याळ ठेवायचं. वाण तसंबी उघडंच देतेत. तोंड धुतलं, घड्याळ पदरानं पुसलं, कानाला लावलं. आवाज न्हाय. मला वाटलं महागाच्या घड्याळाला आवाज नसतोय. मग काट्याकडं बघितलं. बारका काटा हलत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, ह्याच्याकडं बघितलं. हे भलतीच येळ दाखवत थांबलेलं.

खरं सांगते, तवा मला त्या बाईचाच राग आला. असली हाय म्हणली. असली आन बंद. नकली चालू असलं असतं तर बरं, असं पण येऊन गेलं मनात. बंद घड्याळ आमच्यात भिंतीवर पण ठेवत न्हाईत, ते जावयाच्या हातात कसं द्यायचं? आन तेच जावई, ज्यांचं मांडवात थांबलेलं. परत फोन लावला तर नुसतं गाणं. सेल गेला असंल म्हणून मागं नखानं उघडायला बघितलं, नख मोडलं. गल्लीच्या तोंडाला सेल टाकणारा बसतोय, पण पोरगीला घेऊन, पुरण टाकून, महागाचं घड्याळ हातात घेऊन पळायचं म्हंजे, आन तेवढ्यात पावणे दारात आले तर?

मी डोकं धरून बसले आन घड्याळ मांडीवरनं कुटं गेलं मला कळलंच न्हाय. पोरगीनं घेतलेलं. दोन्ही हातानं धरून खुळखुळ्यागत हलवत व्हती, वर खाली, वर खाली, आन आवाज येत न्हाय म्हणून आजून जोरात. मी ओरडले. हिसकून घेतलं. आपटलं तर न्हाय, चरा तर न्हाय, म्हणून बघायला गेले तर बारका काटा चाललेला. सरळ, न थांबता, पाण्यावरनं जावा तसा.

काटा पूर्ण एक फेरा फिरून आला. पोरगीचा मुका घेतला. फोनात येळ बघून बाजूची खुंटी ओढून काटे लावले. पण भ्या काय गेलं न्हाय. हलवलं म्हणून चालू झालं, मग ठेवलं की थांबणार. भरवसा कसला ह्याचा? धोंडे तर लाटायचे राहिलेत. मग मला जे सुचलं ते मी केलं. घड्याळ हातात चढवलं. साखळीचा पट्टा, मला लई ढिल्ला, म्हणून पार कोपराच्या वर सरकवलं आन बसले लाटायला. लाटणं पुढं मागं, घड्याळ पुढं मागं. मधीच बघायचं. चाललंय. धोंडा भरला, वळला, बघितलं, चाललंय. लई बरं वाटाय लागलं मला. अशी तंद्री लागली की दाराची कडी वाजलेली कळली न्हाय.

आत्या आल्या, आन त्यांच्या मागं नणंद, आन नणंदेच्या मागं दाजी. कोपऱ्यावरच रिक्षातनं उतरताना गाठ पडलेली.

मी उठून उभी राहिले. दोन्ही हात पिठाचे, आन कोपराच्या वर जावयाचं घड्याळ, उन्हात चमकतंय.

सगळ्यात आदी आत्यांनी बघितलं. त्यांचं तोंड बघून मला कळलं मी काय केलंय ते. ते वाण व्हतं. देवाला दाखवायच्या आदी ताटातलं उचलून खावं, तसं. आत्या दबक्या आवाजात म्हणल्या, "उष्टं केलंस?" माझ्या हातात पदर आलेला. नुसता खांद्यावरनं ओढला असता तर झाकलं असतं, दाजी अजून चप्पल काढत व्हते, त्यांनी नीट बघितलेलं पण नव्हतं. नणंदेनं डोळ्यानं खुणावलं, झाक म्हणून. मला न्हाय जमलं. कशानं ते मला आज पण सांगता येत न्हाय. मी हात तसाच पुढं केला आन सुटले बोलत. गुलाबी डबा, गोल अक्षर, ती हिंदी बाई, वाटीसारखा यू, बंद काटा, पोरीनं हलवलं, चालू झालं, परत थांबंल म्हणून घातलं, हौस म्हणून न्हाय घातलं दाजी, पोरीची शप्पथ. एका दमात. शेवटी दमच संपला.

दाजी म्हणले, "डबा बघू."

आणून दिला. त्यांनी डब्यावरचं वाचलं, घड्याळावरचं वाचलं, माझ्या हातातलंच, मी हात पुढं धरलेला. मग विचारलं, "हातात आसलं की चालतंय, आन ठेवलं की थांबतंय?"

"व्हय. म्हंजे आलं तवा थांबलेलं. हलवल्यावर चाललंय, आजून चालूच हाय."

दाजी नणंदेकडं बघायला लागले. नणंद त्यांच्याकडं. ती दोघं कानडीत कायतरी बोलली, मला फक्त कपाट तेवढं कळलं. मग नणंद मराठीत म्हणली, हळू, "मग आपलं?"

तवा कळलं. लग्नातलं घड्याळ दाजींनी फेकलं नव्हतं. रुमालात गुंडाळून कपाटात, कागदपत्राच्या खाली ठेवलेलं. कुटं लग्नकार्य असलं की काढायचं, बघायचं, बंद. परत गुंडाळायचं. मांडवात पण तसंच झालेलं, मुलगा पाटावर हात जोडून बसतोय तितं, आदी ते डब्यात पडून राहिलेलं. रोज हातात कवा घातलंच न्हाय, महागाचं म्हणून. दोन्ही घड्याळं सेलाची नव्हतीच, हाताच्या हलण्यावर आपोआप चावी भरून चालणारी. आन दुकानात कवा दाखवलं न्हाय.

"का पण?" आत्यांनी विचारलं.

दाजी भिंतीकडं बघून म्हणले, "तो नकली हाय म्हणला आसता, मग काय करायचं ओ आत्या? ज्यानं दिलं त्याला काय तोंड दाखवायचं?"

नणंद म्हणली, "मला बरं रोज तोंड दाखवत व्हतासा. तीन वर्सं माझा चहा त्या घड्याळावर मोजला."

"चहाला तुज्या उशीर व्हतोयच की."

"आता व्हणारच. दोन घड्याळं झाली."

आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आन मग त्या हसतायत का रडतायत ते समजंना. मी तशीच हात पुढं करून उभी. दाजींच्या ध्यानात आलं, म्हणले, "वैनी, काढा आता. न्हायतर तुमालाच आहेर व्हायचा."

पण आत्यांचं उष्ट्याचं डोक्यातनं जाईना. उष्टं वाण कसं द्यायचं म्हणून त्या बसल्या. दाजी म्हणले, "उष्टं कसलं? लेकराला दूध पाजताना आई आदी चमचा वठाला लावून बघती, ते उष्टं म्हणतेत का? वैनीनं चालू करून दिलं. छलो आतु." छलो आतु म्हंजे बरं झालं. तेवढं कानडी मला येतंय.

तरी आत्यांनी तुळशीचं पाणी आणलंच. ताटात अनारसे मांडले, मधी दिवा, कडेला घड्याळ, आन घड्याळावर थेंब पडू नये म्हणून डावा हात आडवा धरून उजव्या हातानं भोवतीनं पाणी शिंपडलं. ओवाळताना दिव्याकडं कुणी बघत नव्हतं. आमी सगळी, दाजीसकट, त्या बारक्या काट्याकडं बघत व्हतो. तो चालत राहिला. दाजींनी हातात घातलं आन बसले. पाट वढून, मांडी घालून, आमच्या घरात. धोंडे खाल्ले, तूप मागून घेतलं, डाळ लागलेली कळली असणार, पण काय बोलले न्हाईत. मोरीत जाऊन हात धुतले आन तितंच जरा येळ भिंतीला टेकून उभी राहिले, नळ तसाच सोडून.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. गाडीवरनं उतरून माझे सगळे फोन बघून घाबरलेले. मी सगळं सांगितलं. मग म्हणले, "म्हंजे पैलं चांगलंच व्हतं?" मी म्हणले, "व्हय." तर म्हणले, "मग हे कशाला घेतलं आपण?" मी म्हणले, "जेवलासा का?"

दुसऱ्या दिवशी नणंदेनं दुधनीहून फोन केला. मला म्हणली, "आयक." फोन कशाला तरी लावला. टिकटिक ऐकू आली, बारीक. लग्नातलं. रुमालातनं काढलं, हलवलं, चाललं. आता दाजी ते रोज घालून आडतीत जातेत, ज्यानं मुहूर्त थांबला म्हणलेलं त्या दोस्ताला मुद्दाम येळ सांगतेत. आन नवीन? नवीन महागाचं हाय म्हणून कपाटात, रुमालात. नणंद रोज सकाळी भांडी घासायच्या आदी काढून हलवती आन परत ठेवती. मी म्हणले, "अवो वन्सं, त्यांना सांगा की घाला म्हणून." ती म्हणली, "असू दे. माझ्या हातानं चालतंय तवर बरं हाय."

बरोबरचा डबा पण आला नंतर. काळा, जड, आतली उशी दांडगी. जो घेऊन आला त्याच्याकडंच गुलाबी दिला. आत्यांना तो ठेवायचा व्हता, पिना ठेवायला.

आत्या अजून कवा कवा म्हणतेत, "पदर घेतला आसतास तर काय झालं आसतं? वाण वाणासारखं दिलं आसतं." आन मला त्यांचं चुकलं असं पण म्हणता येत न्हाय. कपाटातल्या घड्याळाचं मला तवा काय ठाऊक नव्हतं. मला दिसत व्हतं ते येवढंच, की दाजी वाकून चप्पल काढतेत, नणंद डोळे मोठे करतीय, आन पदर माझ्या मुठीत हाय. एक घटका व्हती ती, त्याच्यापेक्षा कमीच. तुमी माझ्या जागी असता, पिठाचे हात, कोपरावर जावयाचं घड्याळ, नणंदेचं माहेर दारात उभं, तर तुमी पदर वढला असता का हात पुढं केला असता?